ओढ्याला लोंढा येतो तेव्हा: वाचकांचे प्रश्न

ऊन होतं, पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं, आणि पाहता पाहता पूर आला. असं कसं होतं? आधी काहीच कळत नाही का?

कळतं, पण वेळ फार थोडा मिळतो. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी डोंगरामागे, पाच-सात किलोमीटर वर पाऊस कोसळत असू शकतो. वरच्या सगळ्या घळी त्याच ओढ्याला मिळतात. उघडा कातळ आणि तीव्र उतार असला की पाणी मुरत नाही, थेट खाली धावतं. अरुंद घळीत मग हातात काही मिनिटंच उरतात.

पाण्यात उतरण्याआधी काठाजवळचा एक दगड हेरून ठेवा, ज्याचं टोक पाण्याबाहेर आहे. अधूनमधून त्याच्याकडे बघा. टोक दिसेनासं झालं की सामान आवरत बसू नका, सगळ्यांना घेऊन वर निघा. नितळ पाणी गढूळ होणं, फेस, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणं, ओल्या मातीचा उग्र वास, वरून येणारी घरघर किंवा दगडावर दगड आपटल्याचे दणके, यातली एक खूणही पुरेशी आहे.

सर्वांत फसवी खूण उलटी असते: पाणी एकाएकी कमी होतं. वर दरड कोसळून किंवा झाडं अडकून प्रवाह तुंबलेला असू शकतो. तो बांध फुटला की साठलेलं सगळं एकदम खाली येतं. ‘पाणी उतरलं, चला पलीकडे’ असं वाटतं, नेमकं तेव्हाच पात्राबाहेर पडा.

हिमाच्छादित डोंगरांत तर पावसाचीही गरज नसते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात आकाश निरभ्र होतं. उंचावरून कातळ आणि बर्फाचा प्रचंड भाग सुटला आणि ऋषिगंगेच्या खोऱ्यातून लोंढा आला. त्यात दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली.

पळायचं कुठे?

वर. प्रवाहाच्या दिशेने खाली कधीच नाही, कारण पाणी तुमच्यापेक्षा वेगाने धावतं. ओढ्याला पाठ करून सरळ चढ धरा. ३१ जुलै १९७६ रोजी अमेरिकेत कोलोरॅडोच्या बिग थॉम्पसन घळीत पूर येऊन १४०हून अधिक माणसं गेली. गाडीने घळीतून निसटू पाहणारे कित्येक जण त्यात होते. तिथे नंतर पाट्या लागल्या: पूर आला तर डोंगर चढा.

किती वर जायचं, ते झाडं सांगतात. फांद्यांत अडकलेलं वाळकं गवत आणि काटक्या म्हणजे जुन्या पुराची रेघ. तिच्याही बरंच वर थांबा. मधल्या मोठ्या खडकावर चढून वाट पाहणं हा आसरा नव्हे. पाणी वाढलं की परतीची वाटच उरत नाही.

परतीच्या वाटेवर ओढा भरला आहे. ओलांडावा का?

शक्यतो नाहीच. लहान ओढा भरतो तसा पाऊस थांबल्यावर बहुतेकदा काही तासांत उतरतोही. रात्र काठाच्या वर, अंगावर कोरडे कपडे चढवून काढणं परवडतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. वेगाच्या प्रवाहात पंधरा सेंटिमीटर पाणीही धडधाकट माणसाला पाडतं.

पाण्यात काटकी टाका आणि काठाने तिच्याबरोबर चाला. ती पुढे गेली तर उतरू नका. पाणी गुडघ्याच्या वर असेल, तळ दिसत नसेल किंवा खालच्या अंगाला धबधबा वा आडवं झाड असेल, तरीही नाही.

हे सगळं पाहूनही जावंच लागलं, तर बूट पायातच ठेवा आणि पाठपिशवीचे कमरेचे व छातीचे पट्टे सोडा. पडलात तर पिशवी झटकून टाकता आली पाहिजे. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, हातात भक्कम काठी, आणि एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. दोर अंगाला बांधू नका. पडल्यावर तो ताणला जातो आणि प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो.

पाय सुटलाच तर?

उठून उभं राहायची धडपड करू नका. दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की पाणी अंगावरून वाहतं आणि माणूस पालथा पडतो. पाठीवर राहा, पाय खालच्या दिशेला आणि वर उचललेले, हातांनी काठाकडे सरकत राहा. समोर आडवं झाड आलं तर मात्र लगेच पालथे व्हा, डोकं पुढे करून त्याच्याकडे जोरात पोहा आणि खोडावर चढा. खाली गेलात तर फांद्या सोडत नाहीत. काठावरच्यांनी पाण्यात उडी न मारता दोर किंवा लांब फांदी द्यावी.

आमची गाडी उंच आणि जड आहे. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर जाता येईल ना?

नको. सुमारे तीस सेंटिमीटर वाहतं पाणी लहान गाडी हलवतं, साठ सेंटिमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे का, हे दिसत नाही. अडकलात आणि पाणी चढू लागलं तर लगेच पट्टा सोडा, काच खाली करा, मुलांना आधी काढा आणि खिडकीतून टपावर जा. बाहेरच्या दाबाने दार उघडत नाही, आणि विजेवर चालणाऱ्या काचा थोडाच वेळ साथ देतात.