पिल्लू नाही हो, तो नवरा आहे!

प्रश्न : आमच्या कुंड्यांमधे एका मोठ्या कोळ्याने गोल जाळं केलंय, पाठीवर पिवळे-काळे पट्टे, दिवसभर मधोमध उलटा लटकून असतो आणि जाळ्यावर पांढरी झिगझॅग नक्षी आहे. कालपासून कडेला एक बारका तपकिरी कोळी पण दिसतोय, पिल्लू असेल का? विषारी आहे का, घरात लहान मूल आहे, जाळं काढून टाकू का?

उत्तर : वर्णन इतकं छान केलंत की फोटोची गरजच पडली नाही. हा सिग्नेचर स्पायडर, म्हणजे सही करणारा कोळी, शास्त्रीय नाव अर्जिओपी. पाय नीट बघा, आठ असले तरी दोन-दोन जोडून ठेवते त्यामुळे चारच वाटतात आणि अख्खी फुली मारल्यासारखी दिसते. ठेवते म्हणतेय कारण ही मादी आहे. आणि तो बारका म्हणजे पिल्लू नाही, नर! मादीचं अंग जातीनुसार १ ते अडीच सेंटिमीटर, नर जेमतेम अर्धा सेंटिमीटर, त्यामुळे सगळेच फसतात. बिचारा कडेला मुक्काम टाकून संधी बघत असतो आणि मिलन झालं की बऱ्याचदा तिच्याच पोटात जातो, म्हणून परवा तो दिसला नाही तर शोधत बसू नका.

त्या नक्षीवर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. कोणी म्हणतं ती अतिनील प्रकाश परावर्तित करते म्हणून किडे खेचले जातात, कोणी म्हणतं पक्ष्यांना जाळं दिसावं, उगाच धडकून फाडू नये म्हणून. मला दुसरं जास्त पटतं, पण दोन्ही खरं असू शकतं. एक गंमत करून बघा, गवताच्या काडीने जाळ्याला हलकेच टोचा, ती अख्खं जाळं झोपाळ्यासारखं गदागदा हलवते, फारच घाबरली तर टपकन खाली पडते.

विष असतं पण ते किड्यांसाठी, माणसाला धोकादायक नाही. हातात दाबून धरली तर चावेल, मधमाशी चावल्यासारखं दुखेल, एरवी ती आपल्या वाटेला जात नाही. तरी मुलाला लांबूनच दाखवा. जाळं काढू नका, माश्या-टोळ फुकटात कमी होतायत की! अगदी येण्याजाण्याच्या वाटेत असेल तरच काठीने मोडा, दोन-तीनदा मोडलं की ती बहुतेक स्वतःच जागा बदलते.