सरळ रेषा आली, पण त्वरण निम्मेच!

प्रश्न : आमच्या नववीच्या मुलांनी १७५ सेंमी लांब, सपाट तळाच्या ॲल्युमिनियम चॅनेलचे एक टोक ५ सेंमी उचलून त्यात काचेची गोटी सोडली. मोबाइलच्या चित्रणावरून १, २, ३, ४ सेकंदांनंतरची अंतरे मिळाली : १०, ४०, ९०, १६० सेंमी. अंतराला वेळेने भागून चाल काढली. चाल-काळ आलेख सरळ रेषेत आला, पण रेषेच्या चढावरून त्वरण १० सेंमी/सेकंद² येते आणि सूत्राने २८. चुकले कुठे?

उत्तर : मोजमाप चोख आहे, गडबड भागाकारात आहे. १६० ला ४ ने भागून आलेले ४० ही चारही सेकंदांची सरासरी चाल झाली. चौथा सेकंद संपताना गोटीची चाल त्याच्या दुप्पट असते. त्वरण स्थिर असेल तर सरासरी चाल ही त्या कालावधीच्या बरोबर मध्यावरची चाल असते. ४० चा बिंदू २ सेकंदांवर हवा होता, तो ४ वर पडला. सगळेच बिंदू असे दुप्पट वेळेवर गेले, म्हणून रेषा सरळ राहिली आणि चढ निम्मा झाला. रेषा सरळ दिसली की कोणी पुन्हा तपासत नाही, म्हणूनच ही चूक टिकून राहते.

आता प्रत्येक सेकंदात कापलेले अंतर घ्या : १०, ३०, ५०, ७०. या चाली ०.५, १.५, २.५, ३.५ सेकंदांवर मांडा. चढ २० येईल. त्या सेकंदाच्या शेवटी मांडल्या तरी चढ २० च येतो, पण रेषा काळाच्या अक्षाला शून्याऐवजी अर्ध्या सेकंदावर छेदते. पडताळा असा : ४ सेकंदांवर रेषा ८० दाखवते. तिच्याखालच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ ½ × ४ × ८० = १६०, म्हणजे तुम्ही मोजलेलेच अंतर.

मग २८ का नाही? ९८० × ५ ÷ १७५ = २८ (९८० म्हणजे सेंमी/सेकंद² मधले गुरुत्वत्वरण) हे घर्षणाशिवाय घसरणाऱ्या वस्तूचे त्वरण. गोटी घरंगळते, त्यामुळे ऊर्जेचा काही भाग तिच्या स्वतःभोवती फिरण्यात जातो. भरीव गोलाला या २८ च्या ५/७ त्वरण मिळते, म्हणजे नेमके २०. व्ही आकाराच्या चॅनेलमध्ये ते आणखी कमी भरते.

गोटी बोटांनी सोडू नका, धक्का बसतो आणि रेषा शून्याच्या वरून सुरू होते. पुढे पट्टी आडवी धरा आणि ती उताराच्या दिशेने झटकन काढा. धक्का बसलाच तरी चढ बदलत नाही, तेव्हा ती नोंद टाकून देऊ नका. रेषा पुढे पुढे काळाच्या अक्षाकडे वाकत असेल तर चॅनेलला मध्ये झोळ आला आहे का ते पाहा : वरच्या अर्ध्या भागात उतार जास्त, खालच्यात कमी होतो. मधोमध लाकडी ठोकळ्याचा आधार द्या.