एक्स-रेमधला ‘डाग’ की ‘सावली’?

प्रश्न असा आला आहे: वडिलांच्या छातीच्या एक्स-रे रिपोर्टमध्ये ‘ओपॅसिटी’ असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, ‘डाग दिसतोय’. कोशात ‘अपारदर्शकता’ सापडलं. यातला बरोबर शब्द कोणता?

बोलण्यात ‘डाग’ सर्रास चालतो, डॉक्टरांचं काही चुकलं नाही. पण हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात निकाल देऊन मोकळा होतो. मूळ फारसी ‘दाग’ म्हणजे डागल्याची, भाजल्याची खूण. आपलं ‘डागणं’ त्याच घरातलं. डाग लागतो तो सहसा जात नाही, चारित्र्यावरही पडतो. त्यात ‘छातीवर डाग’ म्हटलं की घरातल्या जुन्या माणसांना टीबीच ऐकू येतो. ओपॅसिटीचा अर्थ मात्र एवढाच, की या जागेतून किरण आजूबाजूपेक्षा कमी पार गेले. रोगाचं नाव त्यात नाही.

रेडिओलॉजीत ‘शॅडो’ही म्हणतात, आणि मला ‘सावली’ पटते. (‘सावट’ नको, त्यात भीती आलीच.) गंमत म्हणजे एक्स-रेची सावली पांढरी असते. किरण पोचतात तिथे फिल्म काळी पडते, अडतात तिथे पांढरी राहते. म्हणून हवेने भरलेलं फुफ्फुस काळं आणि बरगड्या पांढऱ्या. एक्स-रेचा शोध लावणाऱ्या राँटगेनने डिसेंबर १८९५ मध्ये पत्नीच्या हाताचं जे चित्र घेतलं, त्याच्या कागदावरच्या छापात मात्र हाडं आणि अंगठी काळी आहेत, अगदी सावलीसारखी.

सावली म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कशाची? खरी कसोटी तिथे लागते. फुफ्फुसाच्या वरच्या भागातला गोल पांढरा आकार गाठ असू शकतो, भरून आलेला जुना क्षय असू शकतो किंवा क्षयाने पडलेल्या पोकळीत वाढलेला बुरशीचा गोळाही. या गोळ्याच्या वर बहुधा हवेची चंद्रकोर दिसते आणि रुग्णाला कुशीवर वळवलं की गोळा बऱ्याचदा पोकळीत जागा बदलतो. खालच्या भागात कधी कधी चक्क स्तनाग्राचीच सावली पडते. तेव्हा तिथे धातूची बारीकशी खूण चिकटवून पुन्हा एक्स-रे काढतात. खूण आणि ठिपका एकाच जागी आले की शंका फिटली. याला कुणी ‘फुफ्फुसावरचा डाग’ म्हणून बसलं तर काय करायचं?

‘अपारदर्शकता’ परिभाषेत ठीक आहे, पण घरात कोण बोलणार? बुबुळावरच्या ओपॅसिटीला आपल्याकडे ‘डोळ्यात फूल पडलं’ असा मस्त शब्दप्रयोग आहे. फुफ्फुसासाठी तसा काही ऐकिवात नाही.

तेव्हा घरी सांगताना ‘एक्स-रेमध्ये एक सावली दिसतेय, कशाची ते अजून ठरायचंय’ असं सांगा. रिपोर्टच्या शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन’ असंही लिहिलेलं असेल. त्याला ‘सहसंबंध’ वगैरे नको; ‘लक्षणांशी ताडून पाहा’ हे चोख मराठी आहे. खोकला, ताप, वजन कशाशीही ताडता येतं, आणि सगळ्यांत उपयोगी पडतो तो जुना एक्स-रे. घट्ट गाठ दोन वर्षांत तसूभरही वाढलेली नसेल तर ती बहुधा निरुपद्रवी निघते. वडिलांची जुनी फिल्म कपाटात असेल तर पुढच्या खेपेला बरोबर न्या.