गावतलावातली बेशरम काढली तर देशी मासे परत येतील का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो : साकोलीकडच्या तुमच्या गावचा मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) निम्मा बेशरम नावाच्या झुडपाने भरलाय, उन्हाळ्यात जेसीबी लावून तो साफ करायचं ग्रामसभेत घाटतंय, आणि तसं केल्यावर म्हातारी माणसं सांगतात ती मरळ, शिंगी, देशी मांगूर परत दिसेल का, हे तुम्हाला हवंय.

नुसत्या साफसफाईने नाही दिसणार. मी गोंदिया जिल्ह्यातला, मच्छीमार सहकारी संस्थेच्या कामात बरीच वर्षं आहे. तलाव साफ झाला, फोटो निघाले आणि दोन पावसाळ्यांत बेशरम पुन्हा जशीच्या तशी, हे इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता नवल वाटत नाही.

आधी जेसीबीचं बघू. बेशरम मूळची दक्षिण अमेरिकेची. आपल्याकडे ती कुंपणाला लावली गेली आणि गुरं तोंड लावत नाहीत म्हणून टिकली. उन्हाळ्यात दुसरं हिरवं नसलं की शेळ्या खातात आणि त्यांना चटक लागते. मग मान थरथरते, पाय लटपटतात, अंग उतरतं. पानांत स्वेनसोनीन नावाचं विष असतं, त्याचा हा परिणाम. पण तलावाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे तिची दांडी. पोकळ असते, तुटली की पाण्यावर तरंगत जाते आणि ओली माती लागली की पेरातून मुळं सोडते. जेसीबीचं बकेट तिचे तुकडे करतं आणि चाकाखाली तेच तुकडे चिखलात दाबले जातात. म्हणजे पैसे देऊन आपण तिची लागवडच करून घेतो. उरलेला ढीग पाळीवर टाकला की पाळही गेली.

एप्रिल-मे महिन्यात तलाव आटला की कुदळीने बुंध्यासकट उपटायची, ढीग तलावाच्या बाहेर उंच कोरड्या जागी लावायचा, खडखडीत वाळला की जाळायचा. पुढच्या उन्हाळ्यात फुटवे शोधून पुन्हा तेच. तणनाशकाचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. त्याच पाण्यावर धान होतं आणि गुरं पितात.

प्रत्येक उपऱ्या झाडाची खोड वेगळी असते, हेही ग्रामसभेत सांगा. घाणेरीचं (लँटानाचं) उदाहरण घ्या. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी कॉर्बेटच्या जंगलात दाखवलं की घाणेरी खोडाशी तोडली तर फुटते, पण जमिनीच्या जरा खाली मुख्य मूळ कापून झुडूप उलटं करून ठेवलं तर मरते. तिला पुरी खणून काढायची गरज नाही, माती उगाच मोकळी होते. बेशरमला ही युक्ती लागू पडेल असं समजू नका.

आता मासे. तुमच्या मनात बहुतेक असं आहे की बेशरम गेली, पाणी मोकळं झालं, की मासे आपोआप वाढतील. पण मोकळं, नितळ पाणी मरळीच्या काही कामाचं नाही. पावसाळ्यात मरळीची जोडी उथळ पाण्यातल्या वनस्पती बाजूला सारून ताटाएवढी-परातीएवढी गोल जागा करते. अंडी तिथे वर तरंगतात आणि आईबाप पहारा देतात. पिलं निघाली की तांबूस रंगाचा घोळका एकत्र फिरतो, खाली मोठा मासा. हे सगळं पाणगवताच्या आडोशाने चालतं. लहान देशी मासे अंडी चिकटवतात पानांना, लपतात पानांत, आणि ज्या किड्यांवर जगतात ते किडेही त्याच पानांवर. आपल्या तलावांतली ही झाडोऱ्याची दुनियाच गेली आहे.

ती एकट्या बेशरमने नाही घालवली. यातला मोठा वाटा आपल्या मत्स्यबीजाचा, म्हणजे विकत आणून सोडतो त्या माशांच्या पिलांचा आहे, आणि हे बोलायला आमच्या संस्थांच्या बैठकीत कोणी तयार नसतं. रोहू, कटला, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले नदीचे मासे. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. 1957 मध्ये हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी मिळवली आणि तिथून बीज केंद्रांत तयार होऊ लागलं. उत्पादन वाढलं, हे खरंच, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त दरवर्षी बीज विकत आणायची सवय लागली. त्यातच दोन परके पाहुणे आले : सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, 1939 मध्ये, आणि ग्रास कार्प 1959 मध्ये. ग्रास कार्प पाणवनस्पती खातो, नावातच आहे. सायप्रिनस तळाचा चिखल उकरतो, मुळं सुटतात, पाणी गढूळ होतं, आणि गढूळ पाण्यात ऊन खाली पोचत नाही म्हणून उरलेलं पाणगवतही मरतं. या दोघांना सोडत राहिलात तर बेशरम काढून काहीही लावा, उपयोग शून्य. थाई मांगूर या परदेशी मांगुराचं तर नावच काढू नका, त्याच्यावर 2000 सालापासून केंद्राची बंदी आहे.

हे मी हवेतलं बोलत नाही. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर यांच्या फीड संस्थेने ढिवर या मासेमार समाजासोबत, त्यातही शालू कोल्हे यांच्यासारख्या बायकांसोबत, अशा तलावांवर काम केलं आहे. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, ती कुठल्या खोलीत वाढते, हे ढिवर म्हाताऱ्यांना तोंडपाठ होतं. ते ज्ञान वापरूनच आधी बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला, आणि पाऊस पडल्यावर शेजारच्या चांगल्या तलावांतून देशी वनस्पती आणून चिखलात लावल्या. धानाची रोवणी करतात तशीच ही रोवणी, आणि ती करणारे हातही तेच. गुरांपासून राखण करावी लागते. तुम्ही त्या बाजूला जाऊन एकदा बघून या, माझ्या उत्तरापेक्षा ते जास्त कामाचं होईल.

लावताना काठाचा विचार करा. अगदी कडेला देवधान (रानभात) आणि लव्हाळे, थोड्या पाण्यात कमळ-कुमुद, आत पाण्याखाली राहणाऱ्या हायड्रिला, व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पती. यासाठी काठाला हळूहळू उतरता ढाळ लागतो. म्हणून गाळ काढायची योजना आली तर पोकलेनवाल्याला सगळा तलाव हंड्यासारखा खोल उकरू देऊ नका. मधला गाळ न्या, पण उथळ काठ सोडा. त्याच मातीत जुन्या झाडांचं बी आणि कंद असतात. सारसही अशाच उथळ काठावर कंद उकरून खातो.

मासे येणार कुठून, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. बहुतेक आहेतच, बोड्यांत (लहान तळ्यांत), नाल्यात, धानाच्या बांध्यांत. पहिल्या पावसात पाण्याच्या धारेवर चढून येतात. त्यांची वाट मोकळी ठेवा आणि जून-जुलैत त्या वाटेवर बारीक जाळं लावू देऊ नका. अंडी भरलेली मादी खायला चवदार लागते हे मलाही माहीत आहे. दोन-तीन पावसाळे तरी धरा.

आणि एक गोष्ट सगळ्यांत आधी. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून पाण्याला एक खातं, मासेमारीला दुसरं, आणि काठाच्या झाडोऱ्याला कोणीच वाली नाही. तुमचा तलाव नेमका कोणाच्या ताब्यात आहे, मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आणि त्याची किती वर्षं उरली आहेत, हे जिल्हा परिषदेत विचारा. ठेका सहा महिन्यांत संपत असेल तर आता मेहनत करणारा ढिवर आणि पुढे मासे धरणारा वेगळाच निघेल, आणि नव्या ठेकेदाराने ग्रास कार्पचं बीज सोडलं की सगळी रोवणी त्याच्या पोटात. संस्थेशी बोलून, कोणतं बीज सोडायचं नाही हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या, आणि पहिल्या वर्षी पूर्ण तलाव नको, एकच कोपरा धरा.