स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहून समाजात खरंच काही बदलतं का?

ऊसतोड मजुराची मुलगी म्हणून लिहिलं तर सहानुभूतीपलीकडे काही हाती लागेल का, असं तुम्ही विचारलंय. लागतं. फक्त "आमच्यावर अन्याय झाला" एवढ्यावर थांबू नका. वाचणाऱ्याला "आमच्याकडे असं नसतं" म्हणून सुटता येणार नाही, इतकं जवळून लिहा.

सावित्रीबाई-जोतिरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, असं ती त्यात लिहिते. ते वाचलं की आजही अंगावर काटा येतो.

मी शिरपूर तालुक्यात शिक्षक आहे. वर्गात काहींच्या घरी अहिराणी, काहींच्या घरी पावरा आदिवासींची पावरी. पुण्याकडे आपल्या अहिराणीला कुणी हसलं की आपल्याला राग येतो ना? पण आमची अहिराणी बोलणारी पोरं पावरी बोलणाऱ्यांना हसायची. मग भित्तीपत्रकासाठी सातवीतल्या एका मुलीनं लिहिलं, की पहिलीत असताना लघवीला जायचं मराठीत कसं विचारायचं ते तिला येत नव्हतं, म्हणून शाळेत येताना ती पाणीच प्यायची नाही. नाव घालू नका, असं तिनंच सांगितलं होतं. मधल्या सुट्टीत पोरं तो कागद वाचत उभी राहिली, कुणी हसलं नाही. पालकसभेत तो वाचल्यावर दोन आयांनी पहिलीच्या वर्गात पावरी येणारं कुणीतरी बसवा, अशी मागणी केली. आता मोठ्या वर्गातली एक मुलगी रोज थोडा वेळ तिथे बसते. सगळा भेदभाव मिटला असं मी म्हणणार नाही, पण पहिलीतली पोरं आता बिनधास्त विचारतात.

तुम्हीही कोपीपासून, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या त्या झोपडीपासून सुरुवात करा. अभ्यासाला कुठे बसायचात, उजेड कशाचा होता, उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, किती घेतली होती आणि मुकादमानं ती कशी फेडून घेतली. आईला लिहिता येत नसेल तर तिच्या तोंडून ऐकून तिच्याच बोलीत उतरवा. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंनाही लिहिता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी गाणी टिपून ठेवली, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं.

लिहिलेलं आधी आईला वाचून दाखवा, तिला नको असेल ते काढा. मुकादमाचं नाव-गाव बदला, कारण पुढच्या हंगामात आईवडिलांना कदाचित त्याच्याकडेच जावं लागेल. उचलीचा आकडा मात्र खरा ठेवा.