आपल्या घरी ना कार ना एसी, मग कार्बन फूटप्रिंट कशाचा?

प्रश्न : सहा एकर कापूस-तूर आहे जी आमची. पोरगी शाळेतून आली अन् विचारून राहिली, बाबा आपला कार्बन फूटप्रिंट किती? मी म्हटलं आपला कायचा आला! बरोबर सांगितलं का?
– एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : दादा, कार्बन फूटप्रिंट म्हणजे आपल्या रोजच्या कामांमुळं हवेत जाणाऱ्या, पृथ्वी तापवणाऱ्या वायूंचा हिशोब. शहरातल्या एसी-कारवाल्यांपेक्षा तुमचा कमीच असणार, पण शून्य नाही. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, पेट्रोलचं २.३, अन् विजेच्या एका युनिटमागं ०.७ च्या आसपास, कारण आपली वीज बहुतेक कोळशाचीच, चंद्रपूर-कोराडीचे प्लांट तर आपल्याच विदर्भात आहेत.

पण शेतकऱ्याचा मोठा वाटा युरियात असतो आणि तेच कोणी सांगत नाही. जास्तीचा युरिया जमिनीत गेला की त्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो, तो १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७३ पट तापवतो. म्हणून शेजाऱ्यानं टाकला म्हणून आपण टाकायचा नाही, माती तपासा, एकदम न टाकता थोडा थोडा विभागून द्या, ओल असताना मातीआड करा, पैसाही वाचतो.

दुसरं, कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या पेटवू नका. पण धुऱ्यावर रचूनही ठेवू नका, त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते. श्रेडरनं, म्हणजे काड्या कापायच्या यंत्रानं, बारीक करून कंपोस्ट करा, गावात चार जणांनी मिळून भाड्यानं आणलं तर परवडतं.

घरात म्हणाल तर जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास, बदलायची वेळ आली की तोच घ्या. कूलर बिनधास्त चालवा, आपल्या उन्हात तो लागतोच.