स्पाउस व्हिसा ते ब्रिटिश पासपोर्ट

प्रश्न: नवरा ब्रिटिश, मी स्पाउस व्हिसावर यूकेत, पाच वर्षं होत आलीत. सेटलमेंट आणि सिटिझनशिपचे अर्ज एकदमच टाकू का?

उत्तर: नाही ताई, आधी आयएलआर, म्हणजे यूकेत कायमचं राहण्याची परवानगी (सेटलमेंट), हातात येऊ द्या. तो अर्ज पाच वर्षं पुरी व्हायच्या 28 दिवस आधीपासून करता येतो, फार घाई केलीत तर नकार येऊन फी बुडू शकते. नवरा ब्रिटिश असल्याने पुढे सिटिझनशिपच्या अर्जासाठी वर्षभर थांबावं लागत नाही, पण बरेच जण अडकतात ते दिवसांच्या हिशोबात, म्हणजे 3 वर्षांत 270 आणि शेवटच्या 12 महिन्यांत 90 पेक्षा जास्त दिवस बाहेर नकोत, शिवाय अर्जाच्या बरोब्बर 3 वर्षं आधी त्या तारखेला तुम्ही यूकेतच असायला हव्यात, तेव्हा पुण्यात होतात तर अर्ज थोडा पुढे ढकला. आणि हो, ब्रिटिश झाल्यावर भारतीय पासपोर्टवर प्रवास अजिबात नको, तो सरेंडर करून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं कार्ड) काढा.